अंतर रात्रींमध्ये मोजायचं

सोलर इम्पल्स-२ या विमानाच्या चार बॅटऱ्यांचं वजन ६३३ किलो होतं. त्या पूर्ण भरल्या की त्यांत सुमारे १६४ युनिट वीज मावत असे. शहरातल्या एखाद्या चौकोनी कुटुंबाच्या महिन्याच्या वीजबिलावर साधारण एवढेच युनिट दिसतात. जून २०१५ च्या अखेरीस आंद्रे बोर्शबर्ग हा ६२ वर्षांचा स्विस वैमानिक एवढ्या पुंजीवर जपानमधल्या नागोयाहून हवाई बेटांकडे निघाला. खाली हजारो किलोमीटर नुसता पॅसिफिक महासागर होता, वाटेत उतरायला धावपट्टी नव्हती, आणि दररोज सूर्य मावळला की त्या १६४ युनिटांवर पहाट गाठायची होती. अशा पाच रात्री त्यानं काढल्या.

सौरविमानाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ढग आले तर काय? प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर पुढे येईल. पण या क्षेत्रात आयुष्यं घालवलेल्या माणसांना ढगांपेक्षा कितीतरी जास्त छळलं ते अंधारानं. ढगाला वळसा घालता येतो, त्याच्या वरून जाता येतं, तो सरेपर्यंत जमिनीवर थांबता येतं. महासागर ओलांडायचा तर रात्र मात्र चुकत नाही. म्हणून पुढची पानं वाचताना वाचकानं किलोमीटरचे आकडे थोडे बाजूला ठेवावेत आणि प्रत्येक विमानाला एकच प्रश्न विचारावा: हे किती रात्री हवेत राहिलं? गेल्या पन्नास वर्षांतल्या यशाचा आणि अपयशाचा बराचसा उलगडा या एका प्रश्नातून होतो.

थोडं गणित आधी उरकलेलं बरं. भर दुपारी, स्वच्छ आकाशाखाली, एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. रात्र धरून चोवीस तासांची सरासरी काढली की हा आकडा २५० वॅटच्या आसपास येतो. सोलर इम्पल्सच्या पहिल्या विमानावर सुमारे २०० चौरस मीटर सौरघट होते. सौरघट, बॅटरी, मोटर, प्रोपेलर अशी सगळी साखळी पार करून त्या उन्हाचा जेमतेम १२ टक्के भाग विमान पुढे ढकलायला उपयोगी पडत असे. गुणाकार केला की हाती उरतात सहा किलोवॅट, म्हणजे आठ अश्वशक्ती. राइट बंधूंनी १९०३ मध्ये किटी हॉकच्या वाळूवरून जे विमान उडवलं, त्याच्या इंजिनाची ताकद याहून थोडी जास्तच होती. ते पहिल्या दिवशी एक मिनिटही सलग उडालं नाही. त्याहून कमी ताकदीत दिवस-रात्र उडत राहायचं, हे सौरविमानाचं आव्हान आहे.

एवढ्या ताकदीत उडायचं तर हळू उडावं लागतं, आणि हळू उडायचं तर पंख प्रचंड लागतात. सोलर इम्पल्स-२ चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७२ मीटर होते. बोइंग ७४७ चे पंखही याहून आखूड असतात. विमानाचं सगळं वजन मात्र २३०० किलो, म्हणजे एका मोठ्या मोटारगाडीएवढं. पंखांवर, धडावर आणि शेपटीवर मिळून १७,२४८ सौरघट बसवलेले, प्रत्येकाची जाडी १३५ मायक्रॉन. सांगाडा कार्बन तंतूंचा. तो उभा करायला नेहमीचे विमान कारखाने पुढे आले नाहीत. शर्यतीच्या बोटी बांधणाऱ्या एका स्विस कारखान्यानं ते काम केलं.

पंख वाढवला की ऊन जास्त मिळतं हे खरं, पण लांब पंखाला मजबुती द्यायची तर वजन क्षेत्रफळाहून वेगानं वाढतं. मजबुतीत काटकसर केली तर पंख मोडतो. जुलै २०१२ मध्ये चाचणीच्या वेळी याच विमानाच्या पंखातली मुख्य तुळई मोडली आणि त्याची ठरलेली पृथ्वीप्रदक्षिणा वर्षभर पुढे गेली. हलकेपणा आणि मजबुती यांच्यामधली ही जागा फार चिंचोळी आहे. सौरविमानांच्या इतिहासातले बरेचसे अपघात तिथेच झालेले दिसतात.

बॅटरीची गोष्ट याहून कठोर. त्या ६३३ किलोंमध्ये जेवढी ऊर्जा साठत होती, तेवढी अठरा-एकोणीस लिटर पेट्रोलमध्ये असते आणि त्या पेट्रोलचं वजन चौदा किलोसुद्धा भरत नाही. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, विजेच्या मोटरीत फारच थोडी, हा फरक मान्य केला तरी तफावत प्रचंडच राहते. विमानाच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग फक्त रात्रीसाठी होता. दिवसा तो निव्वळ भार, आणि तो वाहण्यासाठी पुन्हा ऊन खर्च करायचं.

या कोड्याचं सर्वांत सुंदर उत्तर रसायनशास्त्रातून आलेलं नाही. ते उंचीत सापडलं. दिवसभर सौरघट बॅटऱ्या भरत असतात, त्याच वेळी विमानही चढत असतं. सोलर इम्पल्स-२ दुपार कलताना ८५०० मीटरपर्यंत पोहोचत असे. सूर्य गेला की मोटरी जवळजवळ शांत ठेवून ते हळूहळू घसरत १५०० मीटरपर्यंत खाली येई आणि मगच बॅटऱ्यांना हात घाली. २३०० किलोचं विमान सात हजार मीटर वर नेण्यात जी ऊर्जा साठते, तिचा हिशोब सुमारे ४४ युनिट होतो. म्हणजे भरलेल्या बॅटऱ्यांच्या चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त ऊर्जा वजनात एक ग्रॅमचीही भर न घालता नुसत्या उंचीच्या रूपानं साठलेली! उतरताना हवेच्या विरोधात ती खर्च होते, पण रात्रीचे पहिले काही तास पदरात पडतात. घारी आणि गिधाडं उन्हानं तापलेल्या हवेवर दिवसा अशीच उंची कमावतात. माणसानं ती रात्रीसाठी राखून ठेवायची युक्ती काढली.

हे सारं सुचायला आणि जमायला वेळ लागला. उन्हावर उडालेलं पहिलं विमान होतं सनराइज. रॉबर्ट बाउचर यांनी ते बांधलं आणि ४ नोव्हेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या एका कोरड्या तळ्यावरून उडवलं. त्यात माणूस नव्हता. माणसाला उन्हावर उचलायचं काम पॉल मॅक्रेडी यांच्याकडे आलं. पायांनी पेडल मारून चालणारं विमान १९७९ मध्ये इंग्लिश खाडीपार नेणारे ते हेच. त्यांच्या गॉसमर पेंग्विन या विमानात पहिल्या चाचण्यांना त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा मार्शल बसला, कारण त्याचं वजन फक्त ३६ किलो होतं. पुढे ७ ऑगस्ट १९८० रोजी जॅनिस ब्राउन या शाळाशिक्षिकेनं तेच विमान साधारण तीन किलोमीटर नेलं. वैमानिक निवडताना कौशल्याइतकंच वजन पाहिलं जात होतं, यावरून त्या काळच्या ताणाची कल्पना येते.

पुढच्याच वर्षी मॅक्रेडींचं सोलर चॅलेंजर पॅरिसजवळच्या पाँत्वाझहून निघालं. ७ जुलै १९८१ रोजी वैमानिक स्टीफन टॅसेक यांनी २६२ किलोमीटर अंतर ५ तास २३ मिनिटांत कापलं आणि ते इंग्लंडमध्ये मॅनस्टनला उतरले. विमानावर १६,१२८ सौरघट होते आणि बॅटरी एकही नव्हती. ढगाची सावली पडली की ताकद त्याच क्षणी कमी. स्वच्छ दिवसाची वाट पाहत त्या चमूनं फ्रान्समध्ये कित्येक दिवस काढले. इंग्लिश खाडी पार झाली हे मोठंच यश होतं, पण ते दिवसाचं यश होतं. सूर्य मावळायच्या आत उतरणं भाग होतं.

एरिक रेमंड यांनी १९९० मध्ये सनसीकर या विमानातून अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडली, तीही एकवीस टप्प्यांत. दिवसा उडायचं, संध्याकाळी उतरायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं. अंतर हजारो किलोमीटर झालं, रात्र मात्र हवेत एकही गेली नाही. रेमंड यांची हिंमत आणि ग्लायडर चालवण्याचं त्यांचं कसब वादातीत आहे. पण अंतर आणि रात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रवासाइतकं स्पष्टपणे दुसरं काही दाखवत नाही.

रात्रीला खरी टक्कर द्यायला अमेरिकेची नासा उतरली, तेव्हा काय झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. हेलिओस नावाच्या मानवरहित विमानाला धडच नव्हतं. ७५ मीटर लांबीचा तो एक अखंड पंख होता आणि त्याच्या पुढच्या कडेवर ओळीनं चौदा मोटरी होत्या. १३ ऑगस्ट २००१ रोजी ते २९.५ किलोमीटर उंचीवर पोहोचलं. रॉकेटच्या मदतीशिवाय आडव्या उड्डाणात एवढी उंची कोणत्याही विमानानं तोवर गाठली नव्हती. ही कामगिरी दिवसाची होती आणि त्यासाठी वजन पंखभर सारखं पसरलेलं होतं. मग रात्रभर उडता यावं म्हणून हायड्रोजनवर चालणारा इंधनघट आला. त्याचं ओझं पंखाच्या मधोमध एकवटलं, हायड्रोजनच्या टाक्या दोन बाजूंना गेल्या. २६ जून २००३ रोजी हवाईतल्या काउआई बेटावरून निघालेलं हेलिओस अर्ध्या तासात अस्थिर हवेत सापडलं. त्याच्या पंखांची टोकं प्रमाणाबाहेर वर वाकली, ते पुढे-मागे डुलू लागलं, वेग मर्यादेपलीकडे गेला आणि पंखांचं आवरण सुटून ते समुद्रात कोसळलं. दिवसासाठी आखलेल्या पंखावर रात्र लादली आणि पंखाला ती पेलली नाही, असं या अपघाताचं सार सांगता येईल.

दोनच वर्षांनी ॲलन कोकोनी या अभियंत्यानं उलट्या टोकानं सुरुवात केली. त्यांचं सोलाँग हे मानवरहित विमान साडेबारा किलोंच्या आसपास वजनाचं, पंख पावणेपाच मीटर. जून २००५ मध्ये ते ४८ तास १६ मिनिटं हवेत राहिलं. दोन रात्री! आकारानं खेळण्यातलं वाटावं अशा या विमानानं सिद्ध केलं की सकाळी जेवढी ऊर्जा घेऊन निघालो, तेवढीच दुसऱ्या सकाळी हातात असू शकते. तात्त्विकदृष्ट्या रात्रीचा प्रश्न तिथे सुटला. माणसासकट तो सोडवायला आणखी पाच वर्षं गेली. ७ जुलै २०१० रोजी स्वित्झर्लंडमधल्या पायर्नहून बोर्शबर्ग सोलर इम्पल्सचं पहिलं विमान घेऊन निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, २६ तासांहून थोडा जास्त वेळ हवेत राहून, तिथेच उतरले. अंतर म्हणाल तर शून्य, निघाले त्याच धावपट्टीवर परत आले. तरीही या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं उड्डाण कोणतं असं कुणी विचारलं, तर बोट याच उड्डाणावर ठेवावं लागेल.

या मोहिमेमागे बर्ट्रांड पिकार होते. त्यांचे आजोबा ऑग्युस्त १९३१ मध्ये फुग्यातून स्थितांबरात गेले, वडील जॅक १९६० मध्ये मरियाना गर्तेच्या तळाशी पोहोचले. स्वतः बर्ट्रांड मनोविकारतज्ज्ञ. मार्च १९९९ मध्ये त्यांनी ब्रायन जोन्स यांच्यासह न थांबता फुग्यातून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा निघताना सोबत ३.७ टन प्रोपेन होता आणि इजिप्तच्या वाळवंटात उतरताना त्यातला ४० किलो उरला होता. इंधन संपण्याच्या धास्तीत काढलेल्या त्या दिवसांतूनच पुढची प्रदक्षिणा इंधनाशिवाय करायची, हा निश्चय झाला. अभियंता आणि लढाऊ विमानांचे माजी वैमानिक बोर्शबर्ग त्यांना येऊन मिळाले. दोघांचे स्वभाव अगदी वेगळे, आणि विमानात खुर्ची एकच. म्हणून टप्पे आलटून पालटून वाटून घ्यायचे, असं ठरलं.

९ मार्च २०१५ रोजी सोलर इम्पल्स-२ अबू धाबीहून निघालं. पहिला मुक्काम मस्कत, दुसरा अहमदाबाद. अरबी समुद्र ओलांडून पिकार १० मार्चच्या रात्री अहमदाबादला उतरले. तिथून वाराणसी, पुढे म्यानमारमधलं मंडाले, मग चीन. आशियातला पावसाळा सुरू व्हायच्या आत हा पट्टा ओलांडायचा होता. त्यामागचं कारण सरळ आहे. मोसमी ढगांची जाडी आणि त्यांच्या पोटातली उलथापालथ असल्या विमानाला सोसत नाही. ताशी चाळीस ते नव्वद किलोमीटरच्या वेगानं जाणारं विमान वादळ मागे टाकून पळू शकत नाही. ते पाच अंशांहून जास्त कललं तर वैमानिकाच्या बाहीत बसवलेलं यंत्र थरथरून त्याला सावध करी. जोरदार आडव्या वाऱ्यात ते धावपट्टीवरून उठूही शकत नसे. मोनॅकोतल्या नियंत्रण कक्षात हवामानतज्ज्ञ आणि गणिती संगणकावर रोज हे विमान आधी काल्पनिकरीत्या उडवून पाहत: आज निघालं तर परवा पहाटे बॅटऱ्यांत काही उरेल का?

ढगांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ढगांखाली अडकलेला एक दिवस म्हणजे अर्धवट भरलेली बॅटरी, आणि अर्धवट भरलेली बॅटरी म्हणजे पुरी न पडणारी रात्र. चीनमधल्या नानजिंगहून ३० मे रोजी बोर्शबर्ग थेट हवाईला जायला निघाले होते. वाटेत ढगांची आघाडी आडवी आली. ती ओलांडायची म्हणजे चढताना ऊन मिळण्याची खात्री सोडायची. त्यांनी नागोयाला वळून विमान उतरवलं आणि तिथे जवळजवळ महिनाभर थांबले. वरवर पाहता तो खोळंबा होता, पण नीट पाहिलं तर अशा शेकडो नकारांवर ही मोहीम तगली. दिवसही मोजकेच होते. २१ जूनच्या आसपास उत्तर गोलार्धात रात्र सर्वांत लहान असते, नागोयाच्या अक्षांशावर साधारण साडेनऊ तासांची. ऑगस्ट सरू लागला की ती पॅसिफिक ओलांडण्याच्या हिशोबात बसत नाही.

पूर्वेकडे जाण्यात एक गंमतीची सवलतही आहे. नागोया ते हवाई म्हणजे ६५ रेखांश. ताशी पाऊणशे किलोमीटरनं पूर्वेला सरकणाऱ्या विमानाला सूर्य थोडा लवकर भेटतो, एका रात्रीत वीसेक मिनिटांचा फरक पडतो. दिवसही त्याच प्रमाणात आखूड होतो, त्यामुळे शेवटी लाभ फारसा नाही. पण बॅटरीत तळाशी थोडीच वीज उरलेली असताना ती वीस मिनिटं मोलाची वाटत असणार.

नागोयाहून निघाल्यावर थोड्याच वेळात एक दोष लक्षात आला. वैमानिक झोपलेला असताना विमानावर नजर ठेवणारी आणि काही बिघडलं तर त्याला उठवणारी यंत्रणा नीट चालत नव्हती. मोनॅकोतल्या अभियंत्यांचं म्हणणं होतं, परत फिरा. परतीची वेळ काही तासांत निघून जाणार होती. बोर्शबर्ग आणि पिकार यांनी पुढे जायचं ठरवलं. हे उड्डाण यशस्वी झालं म्हणून हा निर्णय आज धाडसी वाटतो. पण अभियंत्यांचा आग्रह भित्रेपणाचा मुळीच नव्हता. ज्या शिस्तीनं ते विमान इथवर आणलं होतं, त्याच शिस्तीतून तो आला होता. अशा मोहिमेत दोन्ही आवाज लागतात, आणि कोणता ऐकायचा हे ठरवणाऱ्याला परिणाम आधी माहीत नसतो.

बोर्शबर्ग ११७ तास ५२ मिनिटं हवेत होते. एकट्यानं सलग उडण्याचा स्टीव्ह फॉसेट यांचा विक्रम त्यांनी मोठ्या फरकानं मागे टाकला. कॉकपिट ३.८ घनमीटरचं, म्हणजे दूरध्वनीच्या एखाद्या बूथपेक्षा थोडं मोठं. आत हवेचा दाब राखलेला नव्हता, ऊबही नव्हती, कारण दोन्हींना वजन आणि वीज लागते. उंचीवर प्राणवायूचा मुखवटा लावून बसायचं. बाहेरचं तापमान रात्री उणे चाळीसपर्यंत उतरायचं. खुर्ची मागे टेकवली की झोपायला जागा आणि तिच्याखालीच शौचालय. झोप वीस-वीस मिनिटांच्या डुलक्यांत घ्यायची, तीही समुद्रावर. खाली वस्ती असताना झोपायची मुभा नव्हती. बोर्शबर्ग योगासनं आणि ध्यान करत, पिकार आत्मसंमोहनाचा आधार घेत. बॅटरीसारखंच माणसाचं शरीरही रोज थोडं रिकामं होतं, आणि त्याला भरायला ऊन पुरत नाही.

३ जुलै रोजी विमान हवाईतल्या कलाएलोआला उतरलं आणि बॅटऱ्या निकामी झाल्याचं कळलं. पहिल्या दिवशी वेगानं चढताना त्या तापल्या. थंडीपासून वाचवण्यासाठी त्यांभोवती घातलेलं आवरण इतकं जाड होतं की उष्णतेला बाहेर पडायला वाटच मिळाली नाही. रात्री गारठू नयेत म्हणून केलेली काळजी दिवसा अंगाशी आली. नव्या बॅटऱ्या, शीतकरणाची नवी सोय, पैशांची जुळवाजुळव आणि दिवस पुन्हा मोठे होण्याची वाट यात साडेनऊ महिने गेले. २१ एप्रिल २०१६ रोजी विमान पुन्हा निघालं. अमेरिका टप्प्याटप्प्यानं, मग न्यूयॉर्क ते सेव्हिल हा अटलांटिकवरचा ७१ तासांचा टप्पा, कैरो, आणि २६ जुलै २०१६ रोजी अबू धाबी. एकूण सतरा टप्पे, ४३ हजार किलोमीटर, साडेपाचशे तासांहून अधिक उड्डाण आणि इंधन एक थेंबही नाही. या सगळ्या प्रवासात सौरघटांनी अकरा हजारांहून जास्त युनिट वीज बनवली.

मग उन्हावर उडणारं प्रवासी विमान कधी येणार? वर केलेला गुणाकार पुन्हा डोळ्यांसमोर आणला तर उत्तर मिळतं. शेकडो माणसं घेऊन ताशी नऊशे किलोमीटर जाणाऱ्या विमानाला लागणारी ताकद त्याच्या पंखांवर पडणाऱ्या उन्हाच्या कित्येक पट असते. सौरघट शंभर टक्के कार्यक्षम झाले तरी ही दरी बुजत नाही. प्रवासी वाहणं हा आपला उद्देश नाही, असं पिकार सुरुवातीपासून सांगत आले. त्यांना ऊर्जा जपून वापरण्याची शक्यता जगाला दाखवायची होती. सौरविमानांकडे चुकीची अपेक्षा घेऊन पाहिलं तर निराशा होते, आणि या निराशेत त्यांचं खरं मोल झाकलं जातं.

खरं मोल रात्री मोजण्यातच आहे. सोलर इम्पल्समधून माणूस, त्याची खुर्ची, प्राणवायू, अन्नपाणी बाजूला काढलं, तर उरलेलं विमान कितीतरी हलकं होतं आणि त्याला झोपही लागत नाही. २०१९ मध्ये सोलर इम्पल्स-२ स्कायड्वेलर या कंपनीनं विकत घेतलं ते याच विचारानं. त्याचं मानवरहित रूप पुढे मिसिसिपी राज्यातून उडू लागलं. ब्रिटनमध्ये जन्मलेलं, पुढे एअरबसकडे गेलेलं झेफिर तर स्थितांबरातच राहतं. २५ मीटर पंख, वजन ७५ किलो. वीसेक किलोमीटर उंचीवर वारे मंद असतात आणि ढग खाली राहतात. तिथून उपग्रहासारखी नजर ठेवता येते, मोबाइलचे संदेश पोहोचवता येतात, वणव्यांवर लक्ष ठेवता येतं, आणि काम संपल्यावर उपकरण खाली आणून दुरुस्तही करता येतं. झेफिर २०१० मध्ये १४ दिवस, २०१८ मध्ये २५ दिवसांहून जास्त, २०२२ मध्ये ६४ दिवस राहिलं. त्या शेवटच्या उड्डाणाचा शेवट अॅरिझोनाच्या वाळवंटात कोसळून झाला. फेसबुकचं अक्विला याच वाटेनं निघालं होतं. २०१६ च्या पहिल्याच उड्डाणात उतरताना त्याचा पंख मोडला आणि दोन वर्षांत कंपनीनं हा नाद सोडला.

हे सर्व विक्रम उन्हाळ्यातले, आखूड रात्रींचे होते. म्हणून २०२५ चं उड्डाण वेगळं ठरतं. झेफिर त्या वर्षी फेब्रुवारीत केनियातल्या लायकिपियाहून निघालं आणि ६७ दिवस हवेत राहिलं. विषुववृत्ताजवळ रात्र बारा तासांची असते, ती वर्षभर तशीच राहते. आकडा फक्त तीन दिवसांनी वाढला, पण यातली प्रत्येक रात्र अॅरिझोनातल्या उन्हाळी रात्रीहून मोठी होती.

भारतासाठी हाच मुद्दा कळीचा आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकातल्या चळ्ळकेरे इथे आपल्या सौरविमानाची छोटी आवृत्ती उडवली. वजन तेवीस किलोंच्या आसपास, आणि आठ तासांहून अधिक उड्डाण. म्हणजे एक दिवस, रात्र अजून नाही. पुढचं ध्येय आहे तीस मीटर पंखांचं विमान २३ किलोमीटर उंचीवर ९० दिवस ठेवण्याचं. त्या अक्षांशावर डिसेंबरमधली रात्र जमिनीवरून पाहता साडेबारा तासांहून मोठी असते. २३ किलोमीटर उंचीवर क्षितिज खाली सरकतं, त्यामुळे सूर्य संध्याकाळी वीसेक मिनिटं उशिरा मावळतो आणि सकाळी तितकाच लवकर उगवतो. पण त्या वेळचं ऊन आडव्या पंखाला जवळजवळ समांतर येतं, सौरघटांवर फारसं पडत नाही, आणि मोटरी मात्र चालूच ठेवाव्या लागतात. त्यात बॅटरी दर रात्री रिकामी होऊन दर दिवशी भरणार, तीही उणे पन्नास-साठ अंशांच्या थंडीत, आणि प्रत्येक फेरीत थोडी झिजणार. नव्वदाव्या रात्री तिच्यात पहिल्या रात्रीइतकी वीज मावणार नाही. म्हणून आज या विषयावर काम करणारे अभियंते पंखाच्या लांबीइतकाच या झिजेचा अभ्यास करतात: नव्वदाव्या पहाटे किती टक्के शिल्लक हवेत, त्यावरून पहिल्या दिवशी किती किलो बॅटरी चढवायची, आणि ती पेलायला पंख किती वाढवायचा.